ग्रंथालय दुसऱ्या टप्प्यात

विद्यापीठाच्या ग्रंथालयासमोर, पायऱ्यांच्या डाव्या हाताला, जमिनीत सिमेंटचं एक चौकोनी झाकण आहे. मुलं त्यावर उभी राहून गप्पा मारतात, सायकली टेकवतात. माझ्या बायकोने त्यावर कधी पाय दिला नाही. सकाळी कामावर येताना आणि संध्याकाळी जाताना ती त्याला वळसा घालायची. मी एकदा कारण विचारलं, तेव्हा म्हणाली, "माझं ताट आहे ते. झाकून ठेवलेलं. आपल्याच ताटावर कोणी पाय देतं का?"

ती गेल्याला आता बरीच वर्षं झाली. हे लिहायलाही मी उशीरच केला.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हा मी तिथे नोकरीला लागलो. संगणकांची देखभाल हे माझं काम. विद्यापीठ नाशिक शहराच्या बाहेर. भोवती द्राक्षबागा, मध्ये आठ-नऊ इमारती आणि वीतभर मातीखाली काळा खडक. संगणक मोजकेच होते. एकेका इमारतीत एकच काळी केबल या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलेली असायची, आणि मधल्या एकाचा जोड निसटला की सगळ्यांचं बंद पडायचं. झाडणाऱ्या मावशींचा झाडू टेबलाखाली जरा जोरात फिरला की माझा फोन वाजायचा. मग मी टेबलांखालून रांगत एकेक जोड तपासत जायचो. दोन इमारतींच्या मध्ये तर काहीच नव्हतं. या इमारतीतली माहिती त्या इमारतीत न्यायची तर ती फ्लॉपीत भरून शिपायाच्या हाती द्यायची.

ती तिथे माझ्या आधीपासून होती. ग्रंथालयात नव्या पुस्तकांची नोंद करून त्यांची कार्डं लिहिणं हे तिचं काम. मी पुस्तकं घ्यायला जायचो आणि परत करायला उशीर करायचो. तिने एकदा उशिराचा दंड माफ केला नाही, म्हणून आमचं बोलणं सुरू झालं. लग्न झालं तेव्हा दोघंही पस्तिशी ओलांडलेले होतो. मूल झालं नाही. गंगापूर रोडच्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं. घरात पुस्तकं पुष्कळ होती आणि बोलणं बेताचं.

ग्रंथालयाच्या वाट्याला एक संगणक आला, तेव्हा सगळी कार्डं त्यात उतरवायचं तिने मनावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. लाकडी कपाटाला लहान लहान खण होते. प्रत्येक खणात दाटीने उभी कार्डं आणि त्यांच्या पोटातून गेलेली पितळी सळई. ती सळई ओढून काढायची, कार्डांचा गठ्ठा टेबलावर घ्यायची आणि एकेक नोंद टंकित करायची. त्यातही तिचा एक हट्ट होता. पुस्तक खरोखर फळीवर आहे हे पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही. बघायला जायचे ते ग्रंथालयाचे शिपाई. इगतपुरीकडचे. वयाने आम्हा दोघांपेक्षा मोठे, सगळे त्यांना मामा म्हणायचे.

"बाई, ह्ये पुस्तक हाय, पण त्याला पुठ्ठा नाय."

"मग पुठ्ठा नाही असं लिहिते."

"आन् हे दुसरं निम्मं उधईनं खाल्लंय."

"कुठलं निम्मं, मामा? पुढचं की मागचं?"

"आता ते बी लिवणार का? लय बारीक काम बाई तुमचं. उधईचं नाव बी लिवा मग."

असं एकेका खणाचं काम चालायचं. रोजची कामं संपली की त्यातून उरलेल्या वेळात, आणि जेवणाची सुट्टी निम्मी करून.

हे सगळं ती कशासाठी करत होती, ते मला एका उन्हाळ्यात कळलं. पलीकडच्या इमारतीतले एक वयस्क प्राध्यापक, पायाने अधू, भर उन्हात काठी टेकत ग्रंथालयात आले. त्यांना हवं असलेलं पुस्तक आमच्याकडे नव्हतं. ते पाणी प्यायले आणि तसेच परत गेले. त्या संध्याकाळी स्कूटरवर मागे बसून ती म्हणाली, "एवढं चालत यायचं ते 'नाही' ऐकायला? 'नाही' तरी माणसाला बसल्या जागी कळावं." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि कधीतरी कोणीतरी दुसऱ्या इमारतीत बसून शोधावं आणि त्याला 'आहे' असं सापडावं. मग त्याने यावं, आणि पुस्तक जागेवर असावं. मी हे एकदा बघितलं की बास."

तिने माझ्याकडे याहून जास्त काही मागितल्याचं मला आठवत नाही.

दशक संपता संपता विद्यापीठाने सगळा परिसर जोडायचं ठरवलं. इमारतींच्या मध्ये जमिनीखालून काचेच्या तंतूंची केबल, आणि इमारतीच्या आत प्रत्येक टेबलाला स्वतंत्र तार, म्हणजे एकाचं सुटलं तरी दुसऱ्याचं चालू राहील. पण आधी एकाच इमारतीत करून बघायचं, सहा महिने चालवायचं, चुका लिहून काढायच्या, त्याचा अहवाल द्यायचा आणि मगच बाकीच्या इमारती हाती घ्यायच्या. याला सगळे पायलट म्हणत. योजना माझ्याकडे आली. पहिली इमारत कोणती, हे मीच सुचवायचं होतं.

मामांनी विचारलं, "पायलट म्हंजी इमानाचा ना? मग आपल्या गच्चीवर कधी उतरायचा?"

"तुम्ही गच्ची झाडलीत की उतरेल," ती म्हणाली.

परिसराचा मोठा नकाशा मी घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. तो उलगडून ठेवायला चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवावी लागली. मुख्य यंत्रं ज्या खोलीत ठेवायची, तिथून प्रत्येक इमारतीपर्यंतची अंतरं मी मोजत होतो. ती भाजी निवडत समोर बसली होती. तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि रस्त्यापासून ग्रंथालयाच्या पायऱ्यांपर्यंत एक बारीकशी रेघ काढली.

"एवढंच तर आहे," ती म्हणाली.

मी खोडरबर घेऊन ती रेघ खोडली. "नकाशा कार्यालयाचा आहे," मी म्हणालो.

"आणि ग्रंथालय कुणाचं आहे?" ती हसत म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली.

नकाशा अजून माझ्याकडे आहे. कागद उजेडात तिरका धरला की खोडलेल्या रेघेची खाच दिसते.

आता जे लिहायचं आहे ते सरळ लिहितो. प्रयोग कुठे करावा, याचा आमच्या कामातला नियम सोपा आहे. जिथे तो फसला तरी कोणाचं अडणार नाही, आणि जिथली माणसं चार दिवस त्रास सोसायला तयार आहेत, तिथे तो आधी करावा. मी इमारतींची यादी केली आणि या नियमाने प्रत्येकीकडे पाहिलं. ग्रंथालय सरळ पहिलं आलं. परीक्षा विभाग सगळ्यात शेवटी आला, कारण तिथे एक दिवस काम थांबलं की हजारो मुलांचे निकाल थांबतात. मी दोन दिवस ती यादी खिशात घेऊन फिरलो. मग दुसरी यादी केली. तिच्यात परीक्षा विभाग पहिला होता आणि ग्रंथालय दुसऱ्या टप्प्यात.

कारण ग्रंथालयात माझी बायको होती.

मी देवळ्याकडच्या एका खेड्यातला. गावात लग्न असलं की पंगतीत वाढायला माझ्या वडिलांना बोलावणं असायचं. ते वाढप्यांचे म्होरके. त्यांचा हात सारखा पडतो, ते कोणाला कमी-जास्त करत नाहीत, असा त्यांचा लौकिक होता. मी आणि आई मांडवाच्या कडेला उभे असायचो. एकामागून एक पंगती उठायच्या, आमच्या वयाची मुलं जेवून खेळायला जायची. मी वडिलांकडे पाहायचो, तर ते मुद्दाम दुसरीकडे पाहायचे. एकदा मी रडलो, तेव्हा ते आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाले, "आपला मानूस शेवटनी पंगतले बठस." तोवर जिलबी संपलेली असायची. पण लोक म्हणायचे, वाढावं तर यांनी. मला त्या बोलण्याचा फार अभिमान होता. पुढे शिकलो, गाव सोडलं, वडील गेले, तरी तो अभिमान माझ्याजवळ राहिला. हातात पळी आली की आपल्या माणसाकडे पाहायचं नाही, हे मला कोणी पुन्हा सांगावं लागलं नाही.

माझी टिपणी कुलसचिवांकडे गेली. विद्यापीठाचा सगळा कारभार त्यांच्या सहीने चालायचा. मोजकं बोलणारा, कागद नीट वाचणारा माणूस. त्यांनी समासात हिरव्या शाईने लिहिलं, "ग्रंथालय आधी का नको? तेथे नोंदी तयार आहेत असे ऐकतो." आणि नस्ती, म्हणजे ती फाइल, माझ्याकडे परत पाठवली. म्हणजे दार त्यांनी स्वतःहून उघडलं होतं. मी त्याखाली लिहिलं, "ग्रंथालयाच्या कामास तातडी नाही." सही केली. तारीख घातली.

महिन्याभराने परिपत्रक निघालं आणि प्रत्येक विभागात गेलं. टप्पा एक, परीक्षा विभाग. टप्पा दोन, ग्रंथालय व इतर; पुढे कंसात, तातडी नाही. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "त्या 'व इतर'मध्ये कोण कोण आहे हो?"

"अतिथिगृह. वसतिगृह. बागकामाची खोली."

"चांगली संगत आहे."

तिने मला आणखी वरण वाढलं आणि विचारलं, "तातडी नाही, हे कोणी लिहिलं?"

"मी."

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. "बरोबरच आहे," ती म्हणाली. "पुस्तकं कुठे पळून जातात."

भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. पण तिला माझे वडील माहीत होते. तिला सगळी पंगतच माहीत होती.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी तिचं दुखणं बाहेर आलं. पोटात दुखतं असं ती आधीपासून म्हणायची आणि ओवा खायची. गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. गाठ होती, आणि ती पसरलेली होती. डॉक्टरांनी महिने सांगितले नाहीत. पुढच्या भेटीची तारीख लिहिताना ते पेन कागदावर टेकवून जरा थांबले, ते आम्ही दोघांनीही पाहिलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "माझे चौदा खण राहिलेत." मला वाटलं ती दुसरं काहीतरी म्हणेल.

खंदक अजून खणायचा होता. केबल आलेली नव्हती. एक टिपणी लिहून टप्प्यांची अदलाबदल करायला तेव्हाही वेळ होता. मी ती टिपणी मनात पुष्कळदा लिहिली. पण मला वाटलं, आता तर मुळीच नको. बायकोच्या आजाराचं निमित्त करून घरचं काम पुढे काढलं म्हणतील. आधी तातडी नाही असं लिहिलं, आता अचानक आहे म्हणतो, तर कारण काय दाखवू? खरं कारण सरकारी कागदावर कसं लिहितात, तेच मला सुचेना. मी एवढंच केलं की परीक्षा विभागाकडे जाणाऱ्या खंदकात ग्रंथालयासाठीचीही वेगळी केबल आताच टाकून घ्यावी, म्हणजे दुसऱ्यांदा खणावं लागणार नाही, असं योजनेत घातलं. त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता, कारण ते शहाणपणाचंच होतं. खंदक ग्रंथालयाच्या पायऱ्यांसमोरून जात होता. तिथे जमिनीत एक चौकोनी चेंबर बांधायचं, ग्रंथालयाच्या केबलचं टोक बंद करून आत वेटोळं घालून ठेवायचं आणि वर झाकण घालायचं. पुढचं दुसऱ्या टप्प्यात.

खणायला पेठ-सुरगाण्याकडची माणसं आली. उन्हाळ्यात शहराकडे येणारी, भाताच्या लावणीला परत जाणारी. खडक लागला आणि काम रेंगाळलं. ती तेव्हा अर्धा दिवस कामावर यायची आणि दमली की पायऱ्यांवर बसायची. खणणाऱ्या बायकांपैकी एक पाणी प्यायला यायची आणि तिच्याजवळ टेकायची. एकदा मी मोजपट्टी घेऊन खंदकात उभा होतो, तेव्हा त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

"बाय, हा पाईप पाण्याचा का?"

"पाण्याचा नाही. याच्यातून माहिती जाते, त्या पलीकडच्या इमारतीत."

"तुमच्या दारावरून?"

"हो."

"दारावरून नेला आन् तुमाला नाय?"

"आम्हाला नंतर."

"आसं कुठं आसतं? दारावरून पाणी चाललं तर हांडाभर आधी देत्यात." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "त्या साहेबाला सांगा ना."

"तो साहेब माझा नवरा आहे," ती म्हणाली.

त्या बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं, उरलेलं पाणी पायांवर ओतलं आणि कुदळ उचलली. मी मोजपट्टी गुंडाळत राहिलो.

पुढे मुंबईहून जोडणीवाले आले. काचेच्या तंतूंची टोकं यंत्रात धरून ती वितळवून एकमेकांना जोडतात, ते काम करणारे दोघे. परीक्षा विभागाची जोडणी दुपारीच संपली. संध्याकाळच्या गाडीपर्यंत त्यांना काही काम नव्हतं. अडचण आलीच तर हाताशी असावा म्हणून मी एक जास्तीचा स्विच, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारी पेटी, आणून ठेवला होता. तोही कपाटात नुसता पडून होता. मामा माझ्याजवळ आले.

"साहेब, ही माणसं मोकळी हायेत. पेटी हाय. टोक दारात हाय. खिडकीतून वायर आत घेऊ. चार दिवस चालू द्या, मग काढून टाकू. कोनाला कळतंय?"

"मामा, आदेश नाही."

"बाईला बघितलं का तुम्ही, आज कशी दिसती?"

"पाहिलं."

"मग?"

मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा."

मामा जराही न रागावता म्हणाले, "सारखा कुठं? दुसऱ्या कोनाची बायको असती तर तुम्ही कवाच दिलं असतं."

जोडणीवाले संध्याकाळच्या गाडीने गेले.

मी चुकीची इमारत निवडली होती, हे पुढच्या महिन्यांत दिसायला लागलं. परीक्षा विभागात निकाल नाहीत असा आठवडा नसतो. तपासणीसाठी तासभर सगळं बंद ठेवायचं म्हटलं की उत्तर ठरलेलं, आज नको, निकाल आहे. जुनी केबल काढू देत नव्हते, नवीवर भरवसा ठेवत नव्हते. तिथे जाड चष्म्याच्या एक बाई होत्या, खूप वर्षांच्या नोकरीतल्या. मी दिसलो की म्हणायच्या, "या सर. तुमच्या केबलपेक्षा आमचा शिपाई लवकर पोचतो. त्याला फक्त चहा लागतो." त्यात परतीच्या पावसात वीज कोसळली आणि आतली दोन यंत्रं जळाली. सहा महिन्यांचा पायलट लांबत गेला. समारोपाचा अहवाल लिहिता येईना, आणि अहवालाशिवाय दुसरा टप्पा सुरू होत नव्हता. आणखी महिना, आणखी महिना असं मी तिला सांगायचो. ती मान हलवायची आणि सकाळी झाकणाला वळसा घालून पायऱ्या चढायची. आधी भरभर, मग कठड्याला धरून, मग मामांच्या हाताला धरून.

ती घरी पडून राहू लागली, तेव्हा मी विभागातून बाद झालेला एक संगणक घरी आणला. तिच्या सगळ्या फ्लॉप्या त्यात उतरवल्या आणि तिच्या पलंगाजवळ टेबल सरकवलं. "शोध," मी म्हणालो. "हे ग्रंथालय नाही. दुसरीकडे बसून शोधते आहेस."

तिने एका पुस्तकाचं नाव टंकित केलं. नोंद समोर आली.

"सापडलं," मी म्हणालो.

"अहो, माझंच कार्ड मी माझ्याच घरात वाचते आहे. यात शोधलं कोणी?" मग तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "पण तीन जिने चढून आणलंत. पाठ दुखत नाही ना?"

मी नाही म्हणालो. ती झोपेपर्यंत तिथेच बसून होतो.

चौदा खण तिने पुरे केले. शेवटच्या दिवशी मी तिला रिक्षाने नेलं होतं. शेवटच्या खणातली सळई परत सरकवून ती मामांना म्हणाली, "कपाट टाकून देऊ नका हं कोणी सांगितलं तरी. वीज गेली की कार्डंच लागतील." मग तिने संगणक नीट बंद केला आणि त्यावर कापडी आच्छादन घातलं. थंडीच्या दिवसांत, एका सकाळी ऊन पलंगापर्यंत यायच्या आत, ती गेली.

दहाव्यानंतर कुलसचिव घरी आले. टेबलावरच्या त्या संगणकाकडे पाहत राहिले. उठताना म्हणाले, "एक विचारू? मी तुम्हाला तेव्हा विचारलं होतं, ग्रंथालय आधी का नको. तुम्ही तातडी नाही असं लिहिलंत. मला वाटलं, बाईंचं काम अपुरं असेल, त्यांनाच एवढ्यात नको असेल, आणि तुम्ही त्यांना सांभाळून घेता आहात."

"काम जवळजवळ तयार होतं," मी म्हणालो.

"मग एक शब्द टाकायचा होतात." ते जिन्याशी थांबले. "तुम्ही हो म्हटलं की सही करायची, म्हणूनच तर मी ती नस्ती परत पाठवली होती."

ते गेल्यावर मी दार लावलं आणि तिथेच उभा राहिलो. मला आठवलं ते मी इतकी वर्षं विसरलो होतो. शेवटच्या पंगतीला आई आणि मी बसायचो, तेव्हा वडील पळी खाली ठेवून आमच्या शेजारी पत्रावळ घेऊन बसायचे. आई त्यांना वाढायची. उरलेलं असेल ते तिघं मिळून खायचो. आपल्या माणसाला मागे ठेवायची त्यांची हिंमत होती, कारण ती पंगत बसणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी नियम तेवढा उचलला. शेवटच्या पंगतीची खात्री मला कोणी दिलेली नव्हती. दवाखान्यातून बाहेर आलो त्या दिवशी तर तशी खात्री नसल्याचं मला कळलंही होतं.

परीक्षा विभागाचं काम स्थिरावल्यावर तात्पुरत्या अहवालावर मंजुरी मिळाली आणि दुसरा टप्पा पुढच्या उन्हाळ्यात सुरू झाला. झाकण उचललं. केबलचं वेटोळं जसं ठेवलं होतं तसंच, कोरडं होतं. मुंबईहून तेच दोघे आले. त्यातला एक म्हणाला, "सर, इथलं सगळं तर आधीच तयार आहे. हे राहिलं कसं?" टोक पायऱ्यांशेजारून आत घेतलं, जोडलं, स्विचला लावलं. मी घड्याळ पाहिलं. पाऊण तास लागला होता.

पहिला शोध मी घ्यावा, असं मामांनी सुचवलं. मला जमलं नाही. आता तुमच्या संगणकावरून पुस्तक शोधता येईल, अशी चिठ्ठी मी जोडल्या गेलेल्या विभागांना पाठवली आणि ग्रंथालयात तिच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर जाऊन बसलो. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर परीक्षा विभागातल्या त्या जाड चष्म्याच्या बाई आल्या. घामाघूम. हातात एक कागद, त्यावर पुस्तकाचा क्रमांक.

"मामा, हे आहे का? तिकडे बघितलं तर आहे असं दाखवतंय. लोणच्यांचं पुस्तक."

मामा कागद घेऊन आत गेले. मी स्टुलाची कड धरून बसलो. फळीवर नसलं तर, एवढा एकच विचार माझ्या मनात होता. मामा पुस्तक घेऊन बाहेर आले.

"जागेवरच व्हतं," ते म्हणाले. त्यांनी बाईंकडे पाहून सांगितलं, पण ते मला सांगत होते. "पुठ्ठा नाय. पण तसं लिवलेलं असंल बघा."

"लिहिलंय की," बाई म्हणाल्या. "कोणी लिहिलंय एवढं बारकाईने?"

मामांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. बाईंना मग आठवलं. त्यांनी पुस्तक छातीशी धरलं आणि सही न करताच निघाल्या. मामांनी त्यांना परत बोलावून सही घेतली, कारण तिचा तसा दंडक होता.

समारोपाचा अहवाल शेवटी मी दुसरा टप्पाही संपल्यावर दिला. त्यात एक रकाना असतो, पहिल्या इमारतीच्या निवडीबद्दल अभिप्राय. मी लिहिलं, "ग्रंथालय आधी घ्यायला हवे होते. त्या कामास तातडी होती." कुलसचिवांनी मला बोलावून घेतलं. ते निवृत्तीला आले होते. हिरव्या शाईचं पेन उघडं होतं.

"पूर्वीच्या टिपणीच्या उलट आहे हे," ते म्हणाले. "ती खोडता येणार नाही."

"नको खोडायला. दोन्ही राहू देत."

"मग तातडी कसली होती, ते खाली एका ओळीत लिहा. म्हणजे नस्ती पूर्ण होईल."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. मी पेन धरून बराच वेळ बसलो. ते खिडकीबाहेर पाहत होते. मग त्यांनी कागद अलगद आपल्याकडे घेतला, एका ओळीची जागा सोडली आणि तिच्याखाली सही केली. ती जागा अजून कोरी आहे.